दुखणं थांबलेली दाढ

मित्रांनो, मी नागव्वाची खालची डावी दाढ. तोंड उघडलं की मला जग दिसतं, मिटलं की अंधार. म्हणून माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांनीच ऐका.

उघडलं.

नागव्वा शाळेत जायला लागली त्या सुमारास मी उगवले. पुढे सोलापुरात तिचा कडक भाकरीचा धंदा उभा राहिला. भाकरी वाळून कडक झाल्या की ती एक तुकडा माझ्यावर धरायची. कट्ट आवाज आला तरच माल पिशवीत. गिऱ्हाइकं म्हणायची, "नागव्वाचा माल म्हंजे बघायलाच नको!" कौतुक तिचं व्हायचं, आवाज माझा असायचा.

मिटलं.

उघडलं.

उजवीकडच्या दाढा एकेक करून गेल्या. मग माझ्यातही कीड शिरली. नागव्वाने खड्ड्यात मशेरी दाबली. जरा बधिर वाटायचं, खड्डा मात्र वाढत गेला. शेवटी गाल सुजला. सून चंद्रिका तिला दवाखान्यात घेऊन गेली.

"काडून टाका की, बाई," नागव्वा म्हणाली.

"मग भाकरी कशानं फोडणार, अत्ती? वरवंट्यानं?" चंद्रिकेने विचारलं.

डॉक्टर ऋतुजा हसल्या नाहीत. "मावशी, चावायला हीच एक धड दाढ उरलीय. वाचवून बघू."

त्यांनी माझी सडलेली नस काढली, मुळं धुतली, औषध ठेवलं आणि वर कच्चं सिमेंट लावलं. "पुढच्या आठवड्यात या. काम अर्धंच झालंय."

मिटलं.

दुखणं थांबलं आणि नागव्वा दवाखाना विसरली.

उघडलं!

नव्या गिऱ्हाइकासमोर तिने सवयीने तुकडा माझ्यावर धरला. कट्ट झालं, पण भाकरीचं नाही. कच्चं सिमेंट उडालं आणि माझा एक कोपरा फुटला. नागव्वाने तो पदरात बांधून चंद्रिकेसोबत दवाखान्यात नेला.

"एवडं चिकटवा की."

"ते नाही चिकटत, मावशी. तडा मुळात गेला असता तर आज दाढ काढावीच लागली असती."

पुन्हा धुणं. पुन्हा जबडा ताणून बसणं.

"लई येळ लागनार काय?" मधेच नागव्वाने विचारलं.

"पूर्वी एकेका मुळात बारीक काड्या दाबून दाबून भरायचो. आता मुळाच्या मापाची एकच रबरी काडी, भोवती पातळ सिमेंट. लवकर होतं."

"लवकर म्हंजे कच्चं तर न्हाय ना?"

"आधीचं धुणं पक्कं असेल तर नाही. तिथं मी घाई करत नाही."

एक्स-रेत मुळांच्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा दिसल्या. मी वाचले होते. पण वरून पोकळ, तडकायला तयार.

"आता कॅप बसवायची. तोवर डावीकडून काही चावायचं नाही."

"कशाला? दुकतंय कुटं?"

"मागच्या येळी बी हेच म्हनलात, अत्ती."

नागव्वा सुनेकडे न बघताच म्हणाली, "कॅप बसंपतूर माल तू चावून बघायचास. आन् हसायचं न्हाय."

मित्रांनो, माझ्यात आता नस नाही. पुन्हा कीड लागली तरी मला ठणकून सांगता येणार नाही. नागव्वालाच आरशापुढे तोंड उघडून मला बघावं लागेल. तुमच्या दाढा अजून दुखू शकतात. त्या बोलतात तोवर त्यांचं ऐका, आणि त्या गप्प झाल्या म्हणून बऱ्या झाल्या असं समजू नका.