टाक्या फुल करा

हंबीररावांनी डिझेल दरवाढीविरुद्ध टेम्पोंची रॅली काढायचं ठरवलं, तेव्हा भूपालला आधी हसू आलं आणि मग तोंड कडू झालं.

शिवाजी पेठेत भूपालची बेकरी होती. भट्टी डिझेलवर चालायची. दर चढत गेले तशी कमाई भट्टीतच जळायला लागली. पेठेतल्या सगळ्याच बेकरीवाल्यांची ही गत. दिवाळीचा हंगाम निभावला तर धंदा टिकणार, नाहीतर भट्टी कायमची थंड. म्हणून संघटनेच्या बैठकीत भूपालनं साधी गोष्ट मांडली. थंड भट्टी तापवण्यातच खरं डिझेल जातं. आळीपाळीनं एकच भट्टी पेटवू, सगळ्यांचा माल तिच्यातच भाजू.

ही अक्कल त्याच्या बायकोची. दिवाळीत पेठेतल्या बायका नानकटाईचे पत्रे घेऊन यायच्या आणि सीताबाई आपला माल निघाला की त्याच धगीवर ते भाजून द्यायची. "भट्टी काय इचारती व्हय, पीठ कुणाचं हाय?" म्हणायची. ती श्रावणात गेली.

बैठकीत पलीकडच्या बोळातला सयाजी खिदळला. "अण्णा, माझी खारी तुमच्या भट्टीत? पेठंत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

अध्यक्ष हंबीरराव. त्यांची स्वतःची बेकरी कधीच मोडली होती, भट्टीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. ते गरजले, "छोटा धंदा असा कोपऱ्यात बसून वाचतोय व्हय? ताकद दाखवा! टेम्पो काढा, टाक्या फुल करा!"

आणि टाळ्या पडल्या. भूपालला किळस आली ती त्या टाळ्यांची.

रॅली निघाली. पुढं जनरेटरवर कर्णे, मागं टेम्पोंची रांग, सायलेन्सर काढलेल्या गाड्या. बिंदू चौकाला वळसा घालून पुन्हा पेठेत, पुन्हा वळसा. पहिल्याच टेम्पोत सयाजी, डोक्याला भगवा फेटा, घसा फुटेस्तोवर ओरडत. भूपालच्या बेकरीच्या पायरीवर पेठेतली चिमणाबाई पत्रा घेऊन बसली होती. धूर आला तसा तिनं नानकटाईवर पदर धरला.

"अण्णा, ह्यो निषेध हाय का डिझेलचं लगीन?"

"लगीन न्हाय, तेरावं हाय. आमचं."

"या की वर, अण्णा! फोटोत या!" कर्ण्यातून हंबीरराव ओरडले. भूपालनं गटारात थुंकून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर कच्च्या खारीचे पत्रे घेऊन सयाजी दारात उभा.

"भट्टी पेटंना, अण्णा."

"का? काल तर मोप पेटला हुतास."

सयाजीनं मान खाली घातली. "टेम्पोची टाकी भराय पिंपातलं डिझेल काढलं. हंबीरराव म्हणालं, मागनं देतो. आता फोन उचलत न्हाईत."

"मग घोषणा दे की भट्टीफुडं. तापंल."

"मारा की चपलीनं. पण खारीचं तूप सुटाय लागलंय. ह्यो माल गेला तर माझी दिवाळी गेली."

भूपालला त्याच्याकडं बघवेना. दार लावावं असं आतून वाटत होतं. मागं चिमणाबाईचे पत्रे नुकतेच निघाले होते, भट्टी लालबुंद होती. सीताबाई असती तर एव्हाना पत्रे आत गेले असते.

"अंडं न्हाय नव्हं ह्यात? बायकांचा फराळ भाजतो ह्या भट्टीत."

"जोतिबाची शप्पत, न्हाय."

"आण."

पत्रे आत गेले. खारी फुलू लागली तसा सयाजीला धीर आला. "अण्णा, हंबीरराव म्हणत हुते, सोमवारी पुण्यापातूर रॅली..."

भूपालनं पत्रे सरकवायचा आकडा खाली आपटला.

"सोमवारी तुझी भट्टी पेटवायची पाळी. डिझेल माझ्या डोळ्यादेखत पिंपात वतायचं. सगळ्यांचा माल तिथंच भाजायचा, चिमणाबाईचा बी. आणि टेम्पोची किल्ली हितं ठेव."

सयाजीनं खिशातून किल्ली काढली. सीताबाईचा पदर अडकायचा त्या खिळ्याला भूपालनं ती लटकवली. सयाजीच्या कपाळावर फेट्याचा रंग अजून उतरला नव्हता. भूपालनं तोंड फिरवलं आणि खारीचा पहिला पत्रा बाहेर ओढला.