माझ्या पाठीवरची तिरपी पट्टी

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, घरामागच्या शेडचा. घराच्या दरवाजाला रंग मिळतो, पायपुसणं मिळतं, पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून केस नीट करतात. माझ्या वाट्याला कुदळ, फावडं, खताची पोती आणि पाण्याचा पंप. पण माझी तक्रार नाही. एका रोपवाटिकेचा सगळा संसार मी सांभाळतो, ही काय लहान गोष्ट आहे?

मला सुतारबाबांनी घडवलं. रोपवाटिका त्यांच्या लेकीची. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. बाबांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. मग हात थरथरायला लागले, त्यांनी दुकान बंद केलं आणि ते घरात गप्प बसून राहू लागले. जेवणावरचीही वासना उडाली. लेकीला शेड बांधायची आहे असं कळलं, तेव्हा कुठे त्यांनी पुन्हा करवत बाहेर काढली.

सहा उभ्या फळ्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून मध्ये बारीक फटी ठेवल्या. मग मला पालथं घालून पाठीवर दोन आडव्या पट्ट्या बसवल्या, एक वर, एक खाली, आणि त्या दोघींच्या मध्ये एक तिरपी. कोयंड्याला साधे स्क्रू न लावता आरपार बोल्ट घातले आणि नट आतल्या बाजूने आवळले. "आता चोर पान्हा घेऊन आला तरी हात चोळत परत जाईल," असं म्हणून ते स्वतःच हसले. मला चौकटीत बसवलं त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवले. "अजून हात चालतात माझे," असं ते ज्याला त्याला सांगत होते.

आता त्या तिरप्या पट्टीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. दरवाजाचं वजन कडीच्या बाजूला लोंबतं. तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपाशी पाय रोवून वर कडीच्या बाजूला गेली, तर ते वजन ती पेलते. उलटी लागली, तर ती नुसती शोभेची. मला पालथं घातलं होतं ना, त्यामुळे माझी डावी-उजवी बाजू बदलली होती. शेकडो दरवाजे केलेले बाबा नेमके त्या दिवशी हे विसरले.

दोन महिन्यांत मी लोंबलो. माझा कोपरा जमीन खरवडू लागला, कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. ताई लाकडाच्या भुशात खेळूनच मोठी झालेली. तिने एका नजरेत चूक ओळखली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ती मला खांदा लावून उचलायची आणि कुलूप घालायची. होता होता तिचा उजवा खांदा सुजला. मला फार शरम वाटायची, पण माझ्या हातात काय होतं?

शेवटी तिचा नवरा वैतागला. "पत्र्याचा दरवाजा सांगून आलोय. रविवारी येईल. हा जाईल जळणात!"

"अहो, बाबांना कळलं तर ते पुन्हा हत्याराला हात लावणार नाहीत," ताई म्हणाली. "आत्ता कुठे माणसांत आलेत. खांद्याचं काय, शेकेन."

आणि शनिवारीच बाबा हजर! बिजागऱ्यांना तेल घालायला, न कळवता. ताई धावत पुढे आली, सवयीने खांदा लावला आणि कळवळली. बाबांनी तिला बाजूला केलं. आत जाऊन मला लोटलं आणि माझ्या पाठीवरच्या तिरप्या पट्टीवर बोट ठेवलं.

"किती दिवस उचलतेयस?"

"कुठे काय, बाबा..."

"किती दिवस?"

"चार महिने."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही मनाला लावून घेतलं असतं."

बाबा खताच्या पोत्यावर बसले. त्यांचे डोळे भरून आले. "वेडे, दरवाजा चुकला तर दुरुस्त होतो. तुझा खांदा मी कुठून नवा करून आणू?"

मग त्यांनी मला उतरवलं. पट्टी काढली, उलटी फिरवून लावली. तीच पट्टी, तेच स्क्रू, फक्त कल बदलला. पण हात थरथरत होते, पेचकस दोनदा सटकला. तो त्यांनी ताईपुढे धरला. "माझे हात आता ऐकत नाहीत गं. मी पट्टी धरतो, तू आवळ." इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे मदत मागितल्याचं ताईला आठवत नव्हतं. तिने डाव्या हाताने सावकाश एकेक स्क्रू आवळला.

मी आजही एका बोटाने उघडतो. पत्र्याच्या दरवाजाचं काय झालं ते जावईबापूंनाच विचारा, ते अजून विषय बदलतात.

मित्रांनो, दरवाजा जड झाला तर त्याला लाथ मारू नका, आणि गुपचूप खांदाही देत बसू नका. ज्याने तो केला, त्याला प्रेमाने सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. बाबांनाही वाटलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या दरवाजाचं माप घ्यायला ते निघाले, आणि फाटकाशी थांबून त्यांनी हाक मारली, "पोरी, चल गं, माझ्या एकट्याच्याने व्हायचं नाही."