नरेंद्रचा झोक

आमच्या घरात भूतबित चालत नाही. आम्ही बुवापाड्यातले बौद्ध लोक, आत्मा मानत नाही. कोणाला काही दिसलं तर माझी सासू जनाबाई त्याला सरळ चष्म्याचा नंबर तपासून यायला सांगते. माझा नवरा नरेंद्र कावीळ होऊन बघता बघता गेला, तेव्हा पुण्यानुमोदन केलं, लोक जेवून गेले, विषय संपला. म्हणून पुढचं मी घरात कोणाला बोलले नाही. तुम्हाला सांगते, पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

दोन हजार सातची गोष्ट. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्याच्या वरती आमचं ऑफिस होतं. खाली शिलाई मशीनचा खडखडाट आणि वर आम्ही आकाश मोजत बसलेलो. म्हणजे काय, तर पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण आहे, ती लांबलांबच्या ताऱ्यांचे फोटो काढते. फोटो चालू असताना मध्येच एखादा लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा मोठा दगड, आडवा जातो आणि त्याची बारीक रेघ फोटोत उमटते. दुर्बीण स्वतःही फिरत असते, म्हणून रेघ वाकडी येते. ती कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि किती उजळ आहे, एवढं परदेशातल्या लोकांना हवं असायचं. कॉम्प्युटरला रेघ कुठली आणि ओरखडा कुठला ते कळायचं नाही, मग बसवली माणसं. एकच फोटो दोघांनी दोन खोल्यांत बसून मोजायचा, एकमेकांचं न बघता. दोन्ही मोजमापं ताडून बघायचं काम माझं.

यात एक मजा असते. प्रत्येकाच्या हाताला आपला आपला झोक असतो. कोणी रेघेच्या टोकाच्या किंचित अलीकडे क्लिक करतं, कोणी पलीकडे. आमचे सुपरवायझर हिंदुराव सर नव्या माणसाला आधी जागा पक्की माहीत असलेले दगड मोजायला द्यायचे, त्यातून त्याचा झोक काढायचे आणि कॉम्प्युटर तो कायम वजा करायचा. नरेंद्रही तिथेच मोजायला बसायचा, त्याचा झोक उजवीकडे खाली होता. उजेडही तो नेहमी थोडा जास्तच मोजायचा. नाव झाकून आकडे दाखवले असते तरी मी सांगितलं असतं, हा माझ्या नवऱ्याचा हात.

तो गेल्यावर त्याच्या खुर्चीवर करिष्मा आली. बदलापूरजवळच्या चामटोलीची, विशीतली, तोंडाची टकळी दिवसभर चालू. हिंदुराव सरांनी तिचा झोक काढला तो डावीकडे वर. उजेड अगदी बरोबर. हुशार पोरगी.

दिवाळीनंतर तिचे आकडे सरकायला लागले. एकदम नाही, हळूहळू. डावीकडून मध्यावर आले, मग मध्यावरून उजवीकडे आणि खाली. मग उजेड वाढला. मला वाटलं मॉनिटर बिघडला असेल, तो बदलून घेतला. मग वाटलं खुर्चीत काहीतरी आहे, म्हणून तिला खिडकीजवळ बसवलं. जिथे ती, तिथे तो झोक. शेवटी मी नरेंद्रचे जुने आकडे शेजारी लावून बघितले. तोच झोक, तोच जास्तीचा उजेड.

सरांना सांगायला हवं होतं, माझं कामच होतं ते. पण सांगितलं असतं तर त्यांनी तो झोक वजा करून टाकला असता. नवरा दुसऱ्यांदा कोण वजा करून घेईल? परदेशातल्यांचे दगड केसभर सरकले तर सरकले, मेले. मी गप्प बसले. गप्प कसली, उलट जास्तीत जास्त फोटो करिष्माकडेच द्यायला लागले. घरी जाताना बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटायचं.

एका दुपारी लोडशेडिंग झालं. खालची मशीनं बंद पडली आणि सगळीकडे सामसूम झाली. आमचे कॉम्प्युटर तेवढे बॅटरीवर चालू होते. मी करिष्माच्या मागे उभी होते. ती मान न वळवता म्हणाली, "यशे, हे बघ."

मी यशोधरा. ऑफिसात मला सगळे ताई म्हणतात, तीसुद्धा. यशे म्हणणारा एकच होता.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी? काय नाय ताई." तिने वळून बघितलं. "ताई, एक बोलू? आजकाल हात आपोआप चालतो माझा. कोणी धरून चालवतं ना, तसा. तरास नाय, पन थंड लागतो."

मी तिच्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत मी तिचे आकडेच बघत होते, पोरीकडे कुठे बघितलं होतं? गाल बसले होते. टकळी कधी बंद पडली ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. ती मी ओळखते. त्या झाकेशेजारी मी झोपलेय.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. अशक्तपना बोलला. गोळ्या दिल्यात."

नरेंद्रलाही सुरुवातीला अशक्तपणाच सांगितला होता.

मी उभ्या उभ्याच तिच्या माउसवरच्या हातावर माझा हात ठेवला. तो बर्फासारखा गार होता. मला तो सोडवेना. आत्मा नसतो, मला ठाऊक आहे, लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी त्या हाताला म्हटलं, "सोड तिला. लोकाची पोर आहे, तिची आई घरी वाट बघते. मला तू हवा आहेस, पण असा नको. जा तू."

करिष्मा घाबरून माझ्याकडे बघत राहिली. बॅटरी संपत आल्याची पिपाणी वाजायला लागली आणि स्क्रीन काळा झाला. तिचा हात माझ्या हाताखाली हळूहळू कोमट झाला. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला लावलं आणि पुढे महिनाभर सुट्टी मिळवून दिली.

ती परत आली तेव्हा गाल भरलेले होते. आल्या आल्या सगळ्यांना चामटोलीच्या बातम्या ऐकवल्या. मी तिला पक्के माहीत असलेले दगड मोजायला दिले आणि आकडे येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. डावीकडे, वर. उजेड बरोबर. पुन्हा दिले, पुन्हा तेच. हिंदुराव सर म्हणाले, "वा, एवढी सुट्टी घेऊनही हात होता तसाच आहे पोरीचा."

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले. जिवंतपणी या माणसाने माझं एक ऐकलं नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात जाऊ म्हणून पाया पडले होते, तेव्हाही नाही. आणि जा म्हटलं, ते तेवढं एका बोलण्यात ऐकलं.