तिसऱ्या बटणातली माम अराबा

मित्रांनो, मी जुनी आहे, पण मोडीत काढलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायला नको. मी विजेवर वाजणारी पेटी. दुकानात मला कीबोर्ड म्हणत. अंगावर एकसष्ट पट्ट्या आहेत, त्यातल्या साठ अजून बोलतात. एकीने खाऱ्या वाऱ्यापुढे हात टेकले. शिक्षण माझं बेताचंच. पाठीपोटावर इंग्रजी अक्षरं खच्चून छापलेली आहेत, पण त्यातलं एक मला वाचता येत नाही. ऐकलेलं मात्र मी विसरत नाही, आणि तेवढ्यावर मी भल्याभल्यांना पुरून उरले आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी माझ्या पोटात सहाशे आवाज आणि दोनशे ठेके कोंबले आणि मला जहाजावर चढवलं. उजव्या अंगाला चार गोल बटणं दिली. पहिलं दाबलं की कुणी परका पुरुष ‘ये, ये, येऽऽ!’ असं किंचाळायचा. दुसऱ्यात टाळ्या होत्या, तिसऱ्यात आगगाडीची शिट्टी, चौथ्यात घोडा खिंकाळायचा. एवढा सगळा संसार घेऊन मी घानाच्या किनाऱ्यावर उतरले आणि एका मासेमारी गावातल्या चर्चमध्ये नांदायला आले. त्या गावात ना आगगाडी, ना घोडा.

मला वाजवायला दिलं आतो शिंप्याच्या हातात. माणूस पन्नाशीचा, शिवायला सुबक, बोलायला लाजरा. पहिल्याच रविवारी, सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना, त्याचं कोपर माझ्या पहिल्या बटणावर पडलं. ‘ये, ये, येऽऽ!’

पुढच्या बाकावरून एक बाई डोळे न उघडता म्हणाली, “आतो, तुझ्या पाहुण्याला बाहेर बसव. त्याची अजून प्रार्थना झालेली नाही.”

ती माम अराबा. माम म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच म्हणे. मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या सगळ्या बायकांची म्होरकी. तिच्या डोक्याचा रुमाल चर्चच्या क्रुसापेक्षा ताठ असे. आमच्याकडची रीत अशी, की प्रवचन चालू असताना एखादं वाक्य काळजाला भिडलं, तर कुठलीही बाई मध्येच उठून गाणं उचलते आणि बाकीच्या तिच्यामागे सूर धरतात. प्रवचन करणारा थांबतो, घाम पुसतो, गाणं संपलं की पुढे जातो. हा हक्क बायकांना आयांकडून मिळालेला, आणि गाणं उचलण्यात माम अराबाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या गाण्यांपुढे माझे दोनशे ठेके फुकट गेले, मित्रांनो. माझा प्रत्येक ठेका शिपायासारखा पावलं टाकायचा. बायकांची गाणी मात्र डोक्यावर टोपली घेऊन वाळूतून चालल्यासारखी. आतोने महिनाभर माझ्याशी झटापट केली. माझा ढोल काढला, वेग उतरवला, तंतुवाद्यांचा गोडवा अर्ध्यावर आणला. तरी बायका गाण्याला जी लोखंडी घंटा ठोकतात, तिचा आवाज जमेना. शेवटी त्याने आपली कात्री कोळशाच्या इस्त्रीवर टणकन मारली आणि तो आवाज माझ्यात भरला. आजही माझ्यातली घंटा म्हणजे शिंप्याची कात्री आणि शिंप्याची इस्त्री. कारखान्यातल्या कुणा शहाण्याला ते सुचलं नव्हतं.

मग आतोला हुरूप आला. माम अराबा अधूनमधून बहिणीकडे जायची. तेवढ्या रविवारांपुरता तिचा आवाज माझ्या बटणांत असावा, असं त्याने ठरवलं आणि तिला दुकानात बोलावलं. बाई आली ती फोटो काढायला आल्यासारखी. ठेवणीतलं निळं कापड, गळ्यात मणी.

“कुठे बघू?” तिने विचारलं.

“कुठेही बघा, माम. नुसतं आमेन म्हणा.”

“कुठलं आमेन? पटलेलं, की आता-आटप म्हणायचं?”

आतोने पटलेलं मागितलं. ते पहिल्या बटणात गेलं आणि तो किंचाळणारा परका पुरुष कायमचा गेला. दुसऱ्यात टाळ्यांच्या जागी हालेलुया बसलं. तिसऱ्यात तिने अख्खं कडवं गायलं. चौथ्यातला घोडा तिनेच ठेवायला लावला. “राहू दे मुक्या जनावराला,” म्हणाली. “कुणाचं काय खातोय?”

आता इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आतो शिंपी होता. कापड बेतताना दोन बोटं माया सोडायची, म्हणजे पुढे उसवून वाढवता येतं, ही त्याची जन्माची सवय. आवाज बेतताना हात तसाच चालला. गाणं संपलं तिथे त्याने ते कापलं नाही, थोडं पुढे कापलं. त्या मायेत काय राहिलं ते त्याने कधी ऐकलंच नाही, कारण वाजवताना कडवं संपलं की तो बटण बंद करायचा. मला माहीत होतं. पण मला विचारलं कुणी?

आमचे पाद्री होते ऑसोफो क्वांसा. ऑसोफो म्हणजे पाद्रीच. आवाज मोठा, मन चांगलं, पण बोलता बोलता मुद्दा हातातून निसटायचा. माझी बटणं ऐकून ते इतके खूश झाले, की मला तेव्हाच धास्ती वाटली. सुगीच्या रविवारी बिशप येणार होते, आणि प्रवचन थेट रेडिओवर जाणार होतं, बरोबर चाळीस मिनिटं. ऑसोफोंनी बायकांना गोळा केलं.

“मध्ये गाणी उचलायची नाहीत. वेळ मोजका आहे,” ते म्हणाले. “आणि सुगीपुरतंच नाही, यापुढे हाच शिरस्ता. माम, तुमचं गाणं पेटीत आहेच. तुम्ही आता निवांत बसा.”

माम अराबाने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला लपायला जागा नव्हती.

“बसते,” ती म्हणाली. “बसायला काय, बूड माझंच आहे.”

आणि ती बसली. एक रविवार, दोन रविवार, तीन रविवार. ती गप्प, म्हणून सगळ्या बायका गप्प. आतो माझं बटण दाबायचा, माझ्यातून तिचं आमेन निघायचं, आणि पुढच्या बाकावर तीच बाई ओठ शिवल्यासारखी बसलेली असायची. तिच्या शेजारची एस्सोन म्हणाली, “आमच्या मुलींना तर वाटेल, गाणं पेटीच म्हणते.” माम अराबाने नुसता रुमाल सोडून पुन्हा बांधला. ती उत्तर देत नाही म्हणजे तिला किती लागलंय, हे गावाला कळत होतं. सहाशे आवाज पोटात असून मला त्या दिवशी एकही धड वाटेना.

सुगीचा रविवार उजाडला. रताळी, केळ्यांचे घड, धुरावलेल्या माशांच्या टोपल्या, सगळं वेदीपुढे मांडलेलं. बिशप पांढऱ्या झग्यात. रेडिओवाल्याने माइक लावला. ऑसोफोंनी विषय घेतला ‘सुगीच्या सात टोपल्या’. पहिली टोपली कृतज्ञतेची, दुसरी श्रमाची. पाचवीपर्यंत छान चाललं. सहावीला ते थांबले.

“आणि सहावी टोपली, बंधुभगिनींनो... सहावी टोपली...”

चर्चमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एरवी अशा वेळी बायका गाणं उचलायच्या, आणि ते संपेपर्यंत ऑसोफोंना मुद्दा सापडायचा. आज बाकं मुकी. आतोने घाईने पहिलं बटण दाबलं. “आमेन,” मी म्हणाले. ऑसोफो म्हणाले, “सहावी...” आतोने पुन्हा दाबलं. “आमेन.” कशाला आमेन म्हणतेय ते मलाही कळेना. ऑसोफोंनी आतोकडे पाहून घाबऱ्या घाबऱ्या तीन बोटं दाखवली, आणि आतोने तिसरं बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. बायकांनी सूर धरावा म्हणून आतो माना डोलावत राहिला. पण मी कुणासाठी थांबत नाही, मित्रांनो, तो माझा दोषच आहे. माणूस श्वास घेतो, मागे बघतो, सगळ्या आल्या का पाहतो. मी सरळ पुढे जाते. एकीनेही तोंड उघडलं नाही. आतो वाट बघत राहिला, आणि बटण बंद करायचं त्याच्याकडून राहूनच गेलं.

कडवं संपलं. माया उलगडली. आणि बिशपांसमोर, रेडिओवर, माझ्या तोंडून माम अराबाचा ठसठशीत आवाज निघाला:

“झालं का रे, आतो? आता ऑसोफो हरवला की तूच जा त्याला शोधायला. दर रविवारी शेळीसारखा भरकटतो, आणि दर रविवारी मीच दावं धरून ओढून आणते!”

 आतोने डोकं माझ्या पट्ट्यांवर टेकलं, त्यासरशी चौथं बटण दाबलं गेलं आणि घोडा खिंकाळला. बिशपांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

ऑसोफो क्वांसांनी घाम पुसला. मग चष्मा काढून त्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं. तिला हवं असतं तर तिने त्यांना तिथेच वाळत घातलं असतं. सगळं गाव ऐकत होतं.

“माम,” ते म्हणाले, “ओढा.”

माम अराबा उठली. कापडाचं टोक कमरेला खोचलं, मागे वळून बाकं पाहिली, एस्सोनला डोळ्याने दटावलं आणि गाणं उचललं. तेच गाणं. पण ते माझ्यातलं नव्हतं. ती थांबायची, बायका यायच्या, मग ती पुढे जायची. चर्चचे पत्रे थरथरले. आतोने माझे सगळे आवाज बंद केले, फक्त कात्री आणि इस्त्री ठेवली. आयुष्यात मी इतकी कमी कधी वाजले नाही आणि इतकी शोभले नाही.

गाणं संपेस्तोवर ऑसोफोंना सहावी टोपली सापडली होती. रेडिओचा वेळ मात्र कधीच संपून गेला होता. जाताना बिशप आतोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “घोडा ठेव हो.” बंदी उठल्याचं कुणी जाहीर केलं नाही. पुढच्या रविवारी एस्सोनने तिसऱ्याच वाक्याला गाणं उचललं, एवढंच.

त्याला बरीच वर्षं झाली. चर्चमध्ये आता नवी चकचकीत पेटी आली आहे. मी आतोच्या दुकानात चिंध्यांच्या गाठोड्यापाशी असते. धूळ बसते, पाली फिरतात, महिनोन् महिने कुणी विचारत नाही. मध्ये त्याची भाची राजधानीहून, आक्राहून आली. शिकलेली पोर, हात चलाख. म्हणाली, “मामा, हिला पुसून कारखान्यातल्यासारखी कोरी करून देते. निदान त्या गाण्यामागची बडबड तरी कापू?” आतोने कात्री उचलून, दाराकडे बोट करून तिला “बाहेर हो!” असं दरडावलं. त्या लाजऱ्या माणसाचा एवढा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला.

सुगीच्या रविवारी मात्र मला पुसून चर्चमध्ये नेतात आणि तिसरं बटण दाबतात. माम अराबा नव्वदीची आहे. डोळे गेले, दात गेले, रुमाल अजून ताठ. गेल्या सुगीला ती स्वतःचं गाणं ऐकत होती आणि एस्सोनला विचारत होती, “ही कोण गं? गळा बरा आहे, पण फार घाई करते.” मग माया उलगडली, शेळीचं वाक्य आलं, सगळं चर्च हसलं. म्हातारी मात्र हसली नाही. मान डोलावून म्हणाली, “बाई कोण का असेना, बोलते खरं.” आणि तिने फाटक्या आवाजात स्वतःच गाणं उचललं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिला झाकून ठेवा, खाऱ्या वाऱ्यात उघडी टाकू नका. तिच्यात आपल्या माणसांचे आवाज भरा, खुशाल भरा. पण त्यांनी शेवटी जे काही पुटपुटलेलं असेल, ते कापू नका. आणि ती माणसं समोर बसलेली असतील, तर माझं बटण दाबू नका. मी थांबेन. सोबतीला माझ्याकडे घोडा आहे.