एकसष्ट वर्षांचे एकसष्ट

१९९७च्या फेब्रुवारीत देवचंदभाऊंची एकसष्टी झाली. देवचंदभाऊ म्हणजे रावेरकडच्या एका केळी विक्री सोसायटीचे चेअरमन. एकसष्टीला पेढेतुला करावी की रक्तदान, यावर संचालकांच्या तीन बैठका झाल्या. भाऊंच्या वजनाचे पेढे परवडणारे नव्हते आणि रक्त द्यायला एकही संचालक तयार नव्हता. शेवटी सोसायटीचा सेक्रेटरी रुपचंद याने तोड काढली. सरकारी विमा कंपनीने गरिबांसाठी आरोग्य विमा आणला आहे, हप्ता थोडा आहे, तर भाऊंच्या हस्ते गावातल्या एकसष्ट म्हाताऱ्यांचा विमा उतरवावा. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

जळगावहून विमा कंपनीचे साहेब आले. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी योजना नीट समजावून सांगितली. सत्तर वर्षांपर्यंतच्या माणसाला विमा मिळतो, साठीच्या पुढे हप्ता जरा जास्त. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च कंपनी देते. जुनं दुखणं चालत नाही, मोतीबिंदू आणि हर्निया पहिल्या वर्षी चालत नाहीत, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून चालतो. एकाने विचारलं, माणूस मेल्यावर किती मिळतात. साहेब म्हणाले, काही नाही, हा आयुष्याचा विमा नव्हे. ते ऐकून चौघे जण उठून गेले. त्यातले दोघे आपापल्या आईला सोबत घेऊन आले होते. जाताना त्यांनी आयांनाही उठवलं.

उरलेल्यांचे अर्ज रुपचंदने एका दुपारी भरले. वयाचा रकाना आला तेव्हा त्याने कोणालाही वय विचारलं नाही, सरसकट एकसष्ट लिहिलं. एकसष्टीला एकसष्ट वर्षांचे एकसष्ट जण बातमीत शोभून दिसतात, असा त्याचा हिशेब. यादीत भाऊंचा एकोणपन्नास वर्षांचा साडू होता आणि काठी टेकत आलेला अठ्ठ्याहत्तरीचा झुलाल सुतारही होता. दोघेही एकाच वर्षी जन्मल्याचं ठरलं. दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका दैनिकाने रुपचंदने पाठवलेला मजकूर, मथळ्यासकट, जसाच्या तसा छापला. फोटोत झुलाल सुतार पहिल्या रांगेत होता. वार्ताहराला शंका आली असेल, तर ती त्याने सत्काराच्या नारळाबरोबर घरी नेली.

या यादीत झुंबरबाई होत्या. वय अडुसष्ट, विधवा, नावावर दीड एकर. त्यांचा एकुलता मुलगा जीवराम शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होता. झुंबरबाईंना विमा मिळालाच असता. सत्तरीच्या आत होत्या, हप्ता थोडा जास्त पडला असता इतकंच. त्यांच्या बाबतीत खोटं लिहिण्याची गरजच नव्हती. पण यादी एकसारखी दिसायला हवी होती.

एप्रिलमध्ये केळीच्या बागेत ओल्या सालपटावरून झुंबरबाईंचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. जीवरामने त्यांना जळगावला हाडांच्या खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाला वजन लावलं आणि सांगितलं की रॉड टाकावा लागेल, आठवड्याच्या आत टाकला तर बाई चालतील, उशीर झाला तर हमी देता येत नाही. देवचंदभाऊंनी फोनवर कळवलं की विमा आहे, काळजी नको. डॉक्टर म्हणाले, कंपनीचं पत्र येऊ द्या, लगेच ऑपरेशन करतो. पत्र नाही आलं तर वेळ न घालवता धुळ्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या, तिथे फुकट होतं. हे दुसरं वाक्य जीवरामने आईला सांगितलं नाही. हेडमास्तरची आई सरकारी खाटेवर, हे त्याला नको होतं.

कंपनीचं पत्र चौथ्या दिवशी आलं. दवाखान्याच्या कागदावर वय अडुसष्ट, अर्जावर एकसष्ट, तरी वयाचा पुरावा द्यावा. झुंबरबाई शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्याजवळ पुरावा कुठला. त्या नेहमी एवढंच सांगत की जीवराम झाला तेव्हा मी सतराची होते. जीवरामचा जन्म मात्र सर्व्हिस बुकात नोंदलेला होता आणि त्यावरून तो एक्कावन्न वर्षांचा होता. अर्ज खरा मानला तर तो आईच्या दहाव्या वर्षी जन्मला होता.

जळगावचे साहेब सरळ होते. ते म्हणाले, वय लिहिताना चूक झाली असं सोसायटीने एका कागदावर लिहून द्यावं, मी वर शिफारस करतो. एक कागद, चार ओळी. रुपचंदने तो निरोप देवचंदभाऊंकडे नेला. भाऊ त्या वेळी एका सहकारी बँकेच्या निवडणुकीला उभे होते. ते म्हणाले की एका बाईचं वय चुकलं म्हटलं की उरलेल्या साठांचं कोणी ना कोणी विचारणार, आणि पेपरातला फोटो विरोधकांजवळ आहे. म्हणून त्यांनी वकील गाठला. वकिलाने अर्ध्या तासात झुंबरबाईंचं वय जागेवर ठेवलं आणि जीवरामला हलवलं. झुंबरबाई एकसष्टच्याच आणि जीवराम हा त्यांच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा, असं प्रतिज्ञापत्र तयार झालं. पहिली बायको कधीच नव्हती. तिला सुगंधाबाई हे नाव रुपचंदने दिलं आणि जीवरामच्या जन्मानंतर वर्षभरात तिला मारलंही.

जीवरामने प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. त्याने एकच शंका काढली. आई सावत्र ठरली तर तिच्या नावावरच्या दीड एकरावर आपला वारसा राहतो का. वकील म्हणाला, अडचण येऊ शकते. मग शेवटी एक ओळ वाढवण्यात आली की या कागदाचा मिळकतीच्या हक्कावर काही परिणाम होणार नाही. त्या ओळीला कायद्यात किती किंमत आहे, हे वकिलाने सांगितलं नाही आणि जीवरामने विचारलं नाही. त्याने सही केली. तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाचं अक्षर सुंदर होतं.

उरला होता झुंबरबाईंचा अंगठा. सातव्या दिवशी दुपारी रुपचंद शाईचं पॅड घेऊन दवाखान्यात आला. पायाला वजन बांधलेलं असल्यामुळे झुंबरबाईंना उठता येत नव्हतं. रुपचंद म्हणाला, अक्का, अंगठा द्या, उद्या ऑपरेशन. त्यांनी विचारलं की कागदात काय लिहिलं आहे. रुपचंद म्हणाला, विम्याचंच आहे. त्यांनी जीवरामला वाचायला सांगितलं. जीवरामने खाली बघत, वर्गात धडा वाचावा तशा आवाजात सगळं वाचलं, शेवटच्या ओळीसकट.

वाचून झाल्यावर झुंबरबाईंनी रुपचंदला विचारलं,

"हे सुगंधाबाई कोन?"

"कोणी नाही अक्का. कागदापुरती आहे."

"माह्या नवऱ्याले एक लुगडं घ्यायचं तर दोन दिवाळ्या लागत. त्याले दुसरी बायको देऊन बसला तू. पोसली कोनं तिले, तुह्या सोसायटीनं?"

पलीकडच्या खाटेवरची पेशंट हसली. रुपचंदही हसला आणि पॅड पुढे केलं. भाऊंनी एवढं केलं तुमच्यासाठी, असं काहीतरी तो पुटपुटला.

"भाऊनं काय केलं? फोटो काढला." मग त्या मुलाकडे वळल्या. "तुह्यी सही झाली?"

जीवराम म्हणाला, आई, तुझ्याच पायासाठी केली.

"पायासाठी केली. मंग वावराची ओळ कायच्यासाठी?"

जीवराम म्हणाला की आता वेळ नाही, आठवडा संपला, डॉक्टर थांबणार नाहीत. झुंबरबाईंनी डॉक्टरांना बोलवायला लावलं. डॉक्टर आल्यावर झुंबरबाईंनी सरळ विचारलं की पत्राशिवाय दुसरा रस्ता आहे का. डॉक्टर आश्चर्याने म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, धुळ्याला न्या. झुंबरबाई मुलाकडे बघत राहिल्या. बघताना चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात नासकं केळं हातात आलं की माणूस जसं ते परत घडाजवळ ठेवतो, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग रुपचंदला म्हणाल्या, गाडी पाहा.

भाऊंची जीप प्रचारात होती. रुपचंद फोन करायला म्हणून बाहेर गेला तो परतला नाही. पॅड मात्र खाटेवर राहिलं. जीवरामने भाड्याची जीप ठरवली, मागची बाकं काढून गादी टाकली आणि धुळ्याचा रस्ता धरला. पारोळ्याला त्याने पाणी विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

धुळ्याच्या रुग्णालयात खाट मिळाली, पण पायावर सूज चढली होती. ती उतरायला पाच दिवस गेले. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रॉड बसेल, पाय थोडा आखूड राहील, काठी लागेल. पडल्याबरोबर आणलं असतं तर, असं एकाने सुरू केलं आणि जीवरामचा चेहरा बघून वाक्य सोडून दिलं. देवचंदभाऊ त्याच आठवड्यात निवडून आले. गुलालाच्या ट्रॅक्टरवर रुपचंद त्यांच्या शेजारी उभा होता.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टरने संमतीचा कागद आणला. खाली नातेवाइकाची सही आणि त्याशेजारी रुग्णाशी असलेलं नातं लिहायची जागा होती. जीवरामने सही केली. नात्याच्या जागी पेन टेकवून तो थांबला. सिस्टरला घाई होती, तिने दोनदा पेनाकडे पाहिलं.

झुंबरबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "खरं लिही. इथी फुकट आहे."