मेंढरांची कातर शाळेत जाते

शिंप्याच्या दुकानातल्या नाजूक कात्र्या वेगळ्या, मित्रांनो. मी मेंढरांची लोकर कातरायची जुनी कातर आहे आणि माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. का नसावा? लोहाराने मला भट्टीत लाल केले, घणाखाली बडवले आणि वर गार पाण्यात बुडवले. मार खाऊनच मला धार आली.

मेंढपाळ हरिबांनी मला रहिमतपूरच्या बाजारातून आणले. मेंढरू कितीही पाय झाडू दे, त्यांच्या हातून कातडीला ओरखडा उठत नसे. चुकून टोचलेच तर ते जखमेवर हळद दाबायचे. "कातर लोकरीची हाय, रगताची न्हाई," असे ते म्हणायचे. हे माझे नाव त्यांनी जन्मभर जपले.

हरिबा थकले आणि मी पालात एका कोपऱ्यात गंजत पडले. मग त्यांची नात अपेक्षा मला घासूनपुसून मलकापूरजवळच्या आपल्या शाळेत घेऊन गेली. तिथे मंगलबाई मुलांकडून हस्तलिखित अंक करून घेत होत्या. मुलेच लिहीत, मुलेच चित्रे काढीत, मुलेच पाने शिवीत. कडा सरळ करायला मी. बाईंचा नियम एकच होता: ज्याचे पान, त्याच्याच हातात कातर. दुसऱ्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. "लय धार हाय गड्या हिला," असे पोरे म्हणायची आणि मी मनात फुगायची.

अपेक्षाने आपल्या पानावर घडले तेच लिहिले. मेंढरे उसात शिरली म्हणून मळेवाले भरदुपारी काठ्या घेऊन त्यांच्या पालावर आले होते. तिच्या बापाचा, बिरदेवचा, हात मोडला. आडव्या आलेल्या मेंढ्याचे डोके दगडाने ठेचले. सगळ्यांच्या पुढे नानासो होते. तिने नावही लिहिले. त्या पानावरचे चित्र काढले तिच्या वर्गातल्या शिवतेजने, आणि नानासो म्हणजे शिवतेजचेच सख्खे चुलते.

अशी गोष्ट झाकून राहते होय? दुसऱ्याच दिवशी नानासो वर्गात घुसले. मंगलबाई आडव्या आल्या, त्यांना ढकलून दिले. एक बाक उलथला.

"काप ते पान," ते अपेक्षाला म्हणाले.

"माजं पान हाय. मी न्हाई कापणार."

"मेंढरं हाकायची सोडून आमाला शिकवतीस व्हय?"

त्यांनी मला उचलले आणि स्वतःच पान कापायला घेतले. अपेक्षाने पानावर हात पसरला. ते थांबले नाहीत. मीही थांबू शकले नाही, मित्रांनो, कारण कातर ज्याच्या हातात त्याची. पान निम्मे चिरले आणि पोरीचे बोट हाडापर्यंत कापले गेले. हरिबांनी जपलेले माझे नाव त्या माणसाने एका झटक्यात मातीत घातले. अजून आठवले की माझ्या अंगाची आग होते.

शिवतेजने चुलत्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे मी सुटले. त्याच्या तोंडावर अशी थप्पड बसली की ओठ फाटला. नानासो तरातरा निघून गेले. मंगलबाईंनी खिचडीच्या खोलीतून हळद आणून अपेक्षाच्या बोटावर दाबली आणि तिला दवाखान्यात नेले. गावातले जाणते म्हणाले, मिटवून टाका.

चार दिवसांनी अंकाचे प्रकाशन झाले. नानासो फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. सरपंच सुलाबाई अंक चाळता चाळता एका पानाशी थांबल्या. ते मधोमध काळ्या लोकरीच्या धाग्याने शिवलेले होते.

"आवं बाई, ह्ये पान कुणी चिरलं?"

सगळे खाली बघू लागले. मंगलबाई तोंड उघडणार, तोच शिवतेज उभा राहिला. त्याचा ओठ अजून सुजलेला होता.

"माज्या चुलत्यानं," तो म्हणाला. "शिवलं मी."

नानासो उठून चालू लागले. त्यांच्या मागे कुणी उठले नाही.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, तेलाचा हात फिरवा, गंजू देऊ नका. आणि दुसऱ्याचे पान आवडले नाही, तर आपले पान लिहा. त्याच्याही कडा मी सरळ कापून देईन.