चौथ्या टाकीतलं रोप

पाणीबाबाच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीशी काचेच्या वीस टाक्या, प्रत्येकीत पाण्याखाली एक रोप आणि काचेवर एकेका आजाऱ्याचं नाव.

"पान गळालं, रोग गळाला! नवं फुटलं, देह नवा झाला! मग औषध कशाला?" बाबा गरजला. माना डोलल्या.

गर्दीत फिशटँकचा दुकानदार ओठ चावत उभा होता. रोपं त्याच्याच दुकानातली. "पहिल्या आठवड्यात पानं गळतील, घाबरू नका," हेही बाबाला त्यानेच भोळेपणाने समजावलं होतं. आणि आता चौथ्या टाकीवर त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. तिने इन्सुलिन सोडून तीन आठवडे झाले होते.

"ताई, ही रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवतात. हवेतली पानं पाण्यात कुजतात. खोड शाबूत असलं, उजेड मिळाला, की पाण्यात टिकणारी पानं फुटतात. यात बाबाचं काय?" त्याने शेजारी उभ्या बहिणीला विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच," ताई म्हणाली. तिच्या ओठांना कोरड पडली होती. तांब्याभर पाणी तिने उभ्या उभ्या संपवलं.

मग त्याने दुकानातून आणलेली टाकी पुढे ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'माझी मोडकी खुर्ची'.

"याच खेपेतलं रोप. पानं गळाली, नवी आली. खुर्ची मात्र अजून तीन पायांवरच आहे!"

दोघेतिघे हसले. पण बाबा कसला पक्का! "पाहिलंत? आमची कृपा दुकानापर्यंत पोचली! खुर्चीचीच श्रद्धा कमी पडली." टाळ्यांचा कडकडाट झाला. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

ताई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. "घरी चल," ती हळूच म्हणाली, "इंजेक्शन घेते." जिन्यातच ती कोसळली.

"इतके दिवस काय करत होतात?" रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिसऱ्या दिवशी ताई गेली. बाबाकडची रांग तसूभरही कमी झाली नाही. ताईची श्रद्धा डळमळली म्हणून असं झालं, असं लोक आता म्हणतात.

दुकानदार आजही रोपं विकतो. पुडी बांधताना प्रत्येकाला सांगतो, ऐको न ऐको: "पानं गळतील, नवी येतील. ते उजेडाचं आणि पाण्याचं काम आहे, कुणाच्या मंत्राचं नाही. आजारी असाल तर डॉक्टरकडे जा. औषध बंद करू नका. माझ्या ताईच्या रोपाला सात नवी पानं आली होती, आणि ताई गेली."